फ्रूट सलाडला पाणी सुटतं, फळं काळी पडतात: उन्हाळ्यात थंडगार, ताजं सलाड कसं करायचं?

तुम्ही विचारलंय की उन्हाळ्यात फ्रूट सलाड केलं की वाढेपर्यंत तळाशी पाणी साचतं, सफरचंद आणि केळं काळं पडतं, चव नुसती गोडमिट्ट लागते. मग खाल्ल्यावर तरतरी येईल असं सलाड करायचं कसं? तुमची फळं चांगलीच असणार. चुकतंय ते वेळेचं गणित. आदल्या रात्रीचं काम, तासभर आधीचं काम आणि वाढतानाचं काम ही तिन्ही एका दमात उरकली की नेमकं तुम्ही म्हणता तसंच होतं.

मला हे एकदा घरी आठ-दहा माणसं जेवायला होती तेव्हा कळलं. ऐनवेळी धावपळ नको म्हणून सकाळी दहालाच सगळी फळं चिरली, वरून चार चमचे साखर पेरली, लिंबू पिळलं आणि भांडं झाकून फ्रिजमध्ये ठेवलं. दुपारी दीडला झाकण काढलं तर कलिंगडाच्या फोडींच्या कडा आत बसलेल्या, बोटाने दाबल्या तर स्पंजासारख्या. केळ्याच्या चकत्या करड्या. डाव तळापर्यंत घातला तर दोन वाट्या तरी गुलाबी पाणी. ते चमचाभर चाखून पाहिलं आणि थक्क झाले, कारण सगळी चव तिथे उतरली होती आणि फोडींत चोथा उरला होता.

कारण साधं आहे. कलिंगडात सुमारे 92 टक्के पाणी असतं, खरबुजात 90 टक्क्यांच्या आसपास. फोडीवर साखर किंवा मीठ पडलं की बाहेरचा द्राव आतल्या रसापेक्षा दाट होतो आणि आतलं पाणी बाहेर खेचलं जातं. चिरलेल्या काकडीला मीठ लावून ठेवल्यावर पाणी सुटतं, तसंच. म्हणून साखर, मध, मीठ यांपैकी काहीही फळांवर आधी घालायचं नाही. ते वाटीत वेगळं कालवून ठेवायचं आणि वाढायच्या पाच मिनिटं आधी ओतायचं. एवढा एक बदल केलात तरी निम्मं काम झालं.

आता आदल्या रात्रीचं काम: फळं अख्खी, न चिरता गार करायची. चिरलेल्या फोडी गार करायला ठेवल्या की त्यांना पाणी सुटत राहतं आणि फ्रिजमधले इतर वासही त्या पटकन धरतात. अख्खं मोठं कलिंगड आतपर्यंत गार व्हायला बराच वेळ लागतो, तासा-दोन तासांत होत नाही, म्हणून रात्रीच ठेवा. केळी मात्र फ्रिजबाहेर असू द्या. आंबा, पपई, किवी कच्चट असतील तर तीही आधी बाहेर पिकू द्या आणि मगच गार करा. ही फळं झाडावरून काढल्यावरही पिकतात. द्राक्षं, संत्री, अननस, कलिंगड, स्ट्रॉबेरी यांचं तसं नाही. घरी आणून चार दिवस ठेवली म्हणून ती गोड होत नाहीत, तेव्हा ती घेतानाच पारखून घ्यायची. कलिंगडाची जमिनीला टेकलेली बाजू पाहा. तिथला डाग लोण्यासारखा पिवळसर असेल तर ते वेलावर पिकलेलं आहे, पांढरट किंवा हिरवट असेल तर लवकर तोडलेलं. आकाराच्या मानाने हाताला जड लागायला हवं. खरबुजाचं देठाकडचं टोक नाकाशी न्या, पिकलं असेल तर वास येतोच.

चिरण्याआधी धुणं फार महत्त्वाचं आहे आणि नेमकं तेच सालीच्या फळांच्या बाबतीत राहून जातं. साल खायची नाही म्हणून आपण धूत नाही, पण सुरी सालीवरची घाण थेट गरात नेते. खरबुजाच्या जाळीदार सालीत माती अडकलेली असते, ती वाहत्या पाण्याखाली स्वच्छ ब्रशने घासा. साबण नको. कलिंगड-खरबुजात आंबटपणा जवळजवळ नसतो, त्यामुळे चिरल्यावर त्यांच्यात जंतू झपाट्याने वाढू शकतात. धुतल्यावर फळं पुसून कोरडी करा, नाहीतर तेही पाणी भांड्यातच जातं.

सुरी धारदार हवी. बोथट सुरी गर कापत नाही, चेंगरते. चेंगरला की रसही गळतो आणि फळ काळंही लवकर पडतं. फोडी साधारण दोन सेंटिमीटरच्या ठेवा. बारीक चिरलं की कापलेला भाग जास्त उघडा पडतो आणि तेवढं पाणी जास्त सुटतं. द्राक्षं मोठ्यांसाठी अख्खीच घाला. पाच वर्षांखालची मुलं खाणार असतील तर मात्र प्रत्येक द्राक्ष उभं चिरा, अख्खं द्राक्ष लहान मुलाच्या घशात अडकू शकतं.

संत्र्यावर थोडा वेळ खर्च करा, त्याचं चीज होतं. दोन्ही टोकं कापून संत्रं पाटावर उभं ठेवायचं, वरून खाली सुरी फिरवत साल आणि तिच्याखालचा पांढरा थर एकदमच काढायचा. मग फळ डाव्या हातात वाटीवर धरून प्रत्येक फोडीच्या दोन्ही पापुद्र्यांच्या आतून सुरी घालायची, की नुसता केशरी गर सुटा होऊन वाटीत पडतो. हातात उरलेला सांगाडा त्याच वाटीत पिळून घ्या, हा रस पुढे लागणार आहे. तो पांढरा थर कडवट असतो आणि चार चमचे साखर घालूनही ती कडू चव झाकत नाही. डाळिंबाचंही असंच एक सोपं काम आहे. अर्धं डाळिंब पाण्याच्या भांड्यात बुडवून बोटांनी मोकळं केलं की दाणे तळाशी बसतात, पिवळे पापुद्रे वर तरंगतात, आणि कपड्यावर डाग पडत नाहीत.

काळं पडण्याबद्दल: सफरचंद, केळं, पेअर चिरलं की त्यांच्यातल्या एका एन्झाइमची हवेतल्या ऑक्सिजनशी गाठ पडते आणि गर तपकिरी होतो. आंबटपणा त्या एन्झाइमला मंदावतो, शिवाय क जीवनसत्त्वही तो रंग रोखतं. लिंबू ही दोन्ही कामं करतं. पण ते सगळ्या सलाडवर वरून पिळलं तर फोडीच्या सगळ्या बाजूंना पोचत नाही. म्हणून संत्र्याचा तो पिळलेला रस आणि एक चमचा लिंबाचा रस मोठ्या भांड्याच्या तळाशी घाला आणि सफरचंद थेट त्यातच चिरत जा, प्रत्येक फोड भिजेल असं हलवत. अननसाच्या रसानेही हे काम छान होतं. केळं या भानगडीत आणूच नका. त्याची जागा अगदी शेवटी, वाढायच्या क्षणी. खरं सांगायचं तर उन्हाळ्याच्या सलाडमध्ये मी केळं घालतच नाही, त्याचा जडपणा बाकीच्या फळांचा हलकेपणा खातो.

सहा जणांसाठी माझं प्रमाण असं: कलिंगड तीन वाट्या, खरबूज दोन वाट्या, द्राक्षं एक वाटी, अननस एक वाटी, दोन संत्री, एक करकरीत आंबटगोड सफरचंद, अर्ध्या डाळिंबाचे दाणे. आंबा घालायचा असेल तर जरा घट्ट गराचा घ्या आणि खरबूज तेवढं कमी करा, दोघांचा मऊपणा एकत्र आला की सलाडचा लगदा होतो. भांड्यात रस आणि सफरचंद सगळ्यात खाली, त्यावर अननस आणि संत्रं, मग द्राक्षं आणि खरबूज. कलिंगड वेगळ्या भांड्यात, चाळणीवर. त्याचा गळलेला रस खाली जमू द्या. हे सगळं वाढायच्या तासभर आधी, त्याहून लवकर नको.

आता चवीचं. गोडी फळांत आहेच, तुमच्या सलाडमध्ये कमी पडत असेल तो आंबटपणा. दोन मोठे चमचे लिंबाचा रस, एक मोठा चमचा मध, अर्धा चमचा आल्याचा रस आणि एक चिमूट मीठ वाटीत कालवून ठेवा. मीठ खारट लागण्यासाठी नाही, चिमूटभर मीठ कडवटपणा दाबतं आणि गोडी वर आणतं. आल्याने घशाला हलका चटका बसतो आणि पुढचा गार घास जास्त गार वाटतो. एक वर्षाखालच्या बाळाला यातलं काही भरवणार असाल तर मध अजिबात नको. मधातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे इतक्या लहान बाळाला गंभीर आजार होऊ शकतो. पुदिन्याची दहा-बारा पानं शेवटी, एकावर एक ठेवून सुरीच्या एकाच फिरवणीत कापा. परत परत चिरलं की ती काळी पडतात.

वाढताना कलिंगड मिसळा, वाटीतलं मिश्रण ओता, दोन्ही हातांनी किंवा दोन मोठ्या चमच्यांनी खालून वर उचलत एकदाच कालवा. फार गार असेल तर दहा मिनिटं बाहेर ठेवा. अति गार घासात जिभेला गोडी कमी जाणवते, आणि मग उगाच साखर घालावीशी वाटते. बर्फ घालू नका, तो वितळून सगळं पाणचट करतो. त्याऐवजी मूठभर द्राक्षं तीन-चार तास फ्रीझरमध्ये गोठवा आणि वरून टाका. सलाड गार राहतं, पाण्याचा थेंब वाढत नाही, आणि ती चावायला मजा येते. लहान मुलांच्या वाटीत मात्र गोठलेली द्राक्षं घालू नका.

कोणी दुधातलं किंवा दह्यातलं सलाड मागितलं तर ताजा अननस, किवी आणि पपई वगळा. त्यांच्यातली एन्झाइम दुधातली प्रथिनं तोडतात आणि थोड्या वेळाने सगळं कडवट लागायला लागतं. डब्यातल्या अननसाने असं होत नाही, कारण डबाबंद करताना तो तापवलेला असतो.

बाहेर काढलेलं सलाड दोन तासांच्या आत संपवा. ऊन 32 अंशांच्या वर असेल, उघड्यावर जेवण असेल, तर तासाभरात. तेवढ्या वेळात उरलंच तर लगेच झाकून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तसंच खाऊ नका, मिक्सरमधून फिरवून गाळून प्या. चाळणीखाली जमलेला कलिंगडाचा रस बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून गोठवा. पुढच्या वेळी सलाडवर तेच खडे घालता येतात.