चेंडू दिसला, तर मूल येणारच

प्रश्न : आम्ही चौघे अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहोत. एका जुन्या इलेक्ट्रिक कारला पुढचा कॅमेरा आणि 8 जीबीचा जेटसन ओरिन नॅनो हा छोटा संगणक लावून व्हिजन-लँग्वेज मॉडेल (चित्र पाहून भाषेत उत्तर देणारं एआय) थेट ब्रेकला जोडलं. पण उत्तर यायला दीड सेकंद लागतो आणि ‘धोका आहे का?’ विचारलं की बहुतेक वेळा ‘हो’च येतं. काय चुकतंय?
– एक विद्यार्थिनी, त्रिमूर्तीनगर, नागपूर

उत्तर : आधी ते मॉडेल ब्रेकवरून काढा. ताशी 40 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 11 मीटर. उत्तर येईपर्यंत गाडी 16-17 मीटर पुढे गेलेली असते. ब्रेक योलोसारख्या, चित्रातल्या वस्तू झटपट ओळखणाऱ्या मॉडेलच्या हाती राहू द्या. अंतर भागिले जवळ येण्याचा वेग, म्हणजे धडकेपर्यंत उरलेला वेळ, एवढा हिशेब त्याला पुरतो.

व्हिजन-लँग्वेज मॉडेलची खरी किंमत ब्रेक लावण्याच्या आधीच्या क्षणी आहे. इतवारीच्या गल्लीत उभ्या ऑटोमागून चेंडू घरंगळत आला, तर मूल अजून चित्रात नसतं. योलोला फक्त चेंडू दिसतो. त्यामागून कोण धावत येईल हे मोठं मॉडेल सांगू शकतं. म्हणून त्याला वेगमर्यादा 40 वरून 25 वर आणण्याचाच अधिकार द्या. कोरड्या रस्त्यावर ब्रेकची मंदता 6 मीटर प्रति सेकंद वर्ग धरली, तर ब्रेक लागल्यावर 40 वरून थांबायला साधारण 10 मीटर लागतात, 25 वरून 4. ते सहा मीटर मुलाचे आहेत.

आता ‘हो’चं दुखणं. प्रश्नातच धोका सुचवला की ही मॉडेलं होकाराकडे झुकतात. त्याऐवजी चार गोष्टी मागा : काय दिसतंय, कुठे, पुढच्या तीन सेकंदांत ते काय करू शकेल, आणि धोक्याची 0 ते 3 मधली श्रेणी. ‘दिसत नाही’ हेही मान्य उत्तर ठेवा. अर्ध्या-अर्ध्या सेकंदाच्या अंतराने चार फ्रेम द्या. एका फ्रेमवरून गाय उभी आहे की वळते आहे हे कळत नाही.

दुसरी चूक तुमच्या पत्रात नाही, पण बहुधा होत असणार : चित्र लहान करणं. 90 अंशांच्या कॅमेऱ्यात, 1280 पिक्सेल रुंदीवर, 20 मीटरवरचा 20 सेंटिमीटरचा चेंडू जेमतेम 6 पिक्सेलचा असतो. रुंदी 448 केली की उरतात दोन. मग मॉडेल चेंडू पाहत नाही, अंदाज बांधतं. योलोने दाखवलेला भाग मूळ चित्रातून कापून, पूर्ण दृश्यासोबत द्या.

प्रश्न : तपासणीसाठी चित्रफिती कुठून आणायच्या?

उत्तर : ट्रिपल आयटी हैदराबादच्या इंडिया ड्रायव्हिंग डेटासेटच्या मूळ संचात सुमारे 10,000 चित्रं आहेत, पण ती मुख्यतः हैदराबाद-बंगळूरच्या रस्त्यांवरची, आणि त्यांत वस्तूंची नावं आहेत, पुढे काय होईल ते नाही. नागपुरात 2021 मध्ये सुरू झालेल्या आयरास्ते प्रकल्पाने मनपाच्या बसमध्ये चालकाला इशारा देणारी यंत्रणा बसवली. ते इशारे वारंवार कुठे वाजतात यावरून धोक्याच्या जागा हुडकायच्या, ही त्यातली कल्पना तुम्हीही वापरा.

चित्रण माणूस गाडी चालवत असतानाच करा. स्वयंचलित चाचणी बंद मैदानावर. प्रत्येक फितीत धोका उघड झाल्याचा क्षण नोंदवा आणि त्याच्या 1, 2 व 3 सेकंद आधी कापलेले तुकडे मॉडेलला द्या. काहीच न घडणाऱ्या फिती त्याहून जास्त हव्यात, आणि त्याच कॅमेऱ्याच्या; नाहीतर मॉडेल कॅमेराच ओळखायला शिकेल. शिकवण्याच्या आणि तपासणीच्या फिती दिवस व रस्त्यानुसार वेगळ्या करा. तासाला किती खोटे इशारे आले ते पहिल्याच दिवसापासून मोजा.