किट लेन्सने काढलेले क्लोजअप अर्धे धूसर येतात, मॅक्रो लेन्स घेऊ का?

तुमचं म्हणणं असं, की कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या १८-५५ मिमीच्या किट लेन्सने फुलं आणि किडे जवळून टिपताना डोळा स्पष्ट आला तर पंख धूसर येतात, पंख साधले तर डोळा जातो. मग मॅक्रो लेन्स घ्यावी का?

माझं मत: एवढ्यात नको. या लेन्सने ही अडचण सुटत नाही, वाढते. मॅक्रो लेन्सची खरी ताकद १:१, म्हणजे ५ मिमीची मुंगी सेन्सरवरही ५ मिमीचीच उमटते. पण तितक्या जवळून, फुल फ्रेम (३६×२४ मिमी सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर एफ/८ ला (एफचा आकडा जितका मोठा, तितकं लेन्सचं छिद्र लहान) स्पष्ट दिसणारा थर जेमतेम १ मिमीचा असतो. एफ/१६ केलं तर २ मिमी. आणखी पुढे जावं म्हटलं तर डिफ्रॅक्शन, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाशाचं पसरणं, आडवं येतं. १:१ ला लेन्सवरचा एफ/१६ प्रत्यक्षात एफ/३२ सारखा वागतो, आणि सगळा फोटोच मऊ पडतो. मी एफ/८ ते एफ/११ च्या पलीकडे सहसा जात नाही.

तेव्हा हा थर पातळच राहणार असं धरून चाला आणि तो कुठे ठेवायचा ते शिका. फुलपाखरू पंख मिटून बसलं असेल तर कॅमेरा पंखांना अगदी समांतर धरा, नक्षी कडेपर्यंत येईल. समोरून काढत असाल तर डोळे पकडा, बाकीचं सोडून द्या. ऑटोफोकस बंद करा, फोकस एका जागी ठेवा आणि स्वतः केसभर पुढे-मागे होत एकापाठोपाठ फोटो घ्या. दहातला एक जमला तरी खूप झालं.

सराव मिठावर करा. काळ्या कागदावर चार दाणे टाका. साधं मीठ जवळून पाहिलं की छोटे घन दिसतात, कोपरे झिजलेले, मीठ हलत नाही, उडून जात नाही. मग सूर्यफूल घ्या. मधली तबकडी म्हणजे शेकडो छोटी फुलं, ती कडेकडून आत उमलत जातात. सर्वांत बाहेरच्या फुलांत स्त्रीकेसराची टोकं दुभंगून मागे वळलेली, त्याच्या आत पिवळे परागकण वर आलेले, आणि मधोमध नुसत्या कळ्या. एकाच फुलात तिन्ही अवस्था! मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा फोटो काढायचा विसरून बघतच बसलो होतो.

किड्यांसाठी पहाट गाठा. गारव्यात त्यांची हालचाल मंद असते. मात्र किडा फ्रीजमध्ये ठेवून, चिकटवून किंवा फवारा मारून फोटो काढू नका. त्याच्या जिवापेक्षा आपला फोटो मोठा नाही.

उजेडाचं मात्र मनावर घ्या, कारण निम्मं काम तिथेच होतं. उघडा फ्लॅश भुंगेऱ्याच्या चकचकीत पाठीवर पांढरा जळका ठिपका पाडतो. फ्लॅशपुढे पांढरा पातळ कागद धरा आणि तो किड्याच्या जितका जवळ नेता येईल तितका न्या. किड्याच्या जागेवरून उजेड जेवढा मोठा दिसेल तेवढा तो मऊ पडतो. शिवाय कमी ताकदीवर फ्लॅश सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ पेटतो, त्यामुळे हाताची थरथर फोटोत उतरत नाही.

खर्च करायचाच असेल तर एक्सटेन्शन ट्यूब, म्हणजे कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसणारी नळी, घ्या, पण कॅमेऱ्याशी संपर्क राखणारे पिन असलेली, नाहीतर अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) बदलता येत नाही. ती आतून पोकळ असते, काच नसतेच. लेन्स ५५ वर ठेवून २५ मिमीची ट्यूब लावली तर निव्वळ ट्यूबमुळेच सेन्सरवर विषयाच्या साधारण ०.४५ पट आकार मिळतो. १८ वर मात्र वापरू नका, फोकस लेन्सच्या आतच येतो.

ट्यूबची खोड अशी, की लेन्स विषयाच्या फार जवळ न्यावी लागते. कधीतरी एखादा उड्या मारणारा कोळी दिसेल, आठ डोळ्यांपैकी समोरचे दोन मोठे तुमच्याकडे रोखून, आणि तुम्ही जवळ सरकताच लेन्सची सावली त्याच्यावर पडेल, तो उडी मारून जाईल. असं वारंवार व्हायला लागलं की १०० मिमीची मॅक्रो घ्या. १:१ लाही ती लेन्स आणि कोळी यांच्यात साधारण १२ ते १५ सेंटीमीटर अंतर ठेवते.