मुखवटा झाला, शेक कधी?

प्रश्न : आईच्या मेंदूत गाठ आहे. जाळीचा मुखवटा करून आठवडा झाला, अजून शेक (किरणोपचार, रेडिएशन) सुरू नाही. एवढा उशीर का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : तुमची घालमेल कळते. मुखवटा फक्त डोकं हलू नये म्हणून. खरं काम त्यानंतरचं. सीटीवर एमआरआय जुळवून डॉक्टर एकेका चकतीवर गाठीची कड आखतात. मग किरण कुठून, किती द्यायचे याचा आराखडा करणं माझं रोजचं काम. डोळ्यांच्या नसांपाशी एका मिलिमीटरसाठी तास जातो, कारण रोजच्या थोड्या-थोड्या मात्रेतही तिथे एकूण साधारण ५४ ग्रेच्या (ग्रे म्हणजे किरणांच्या मात्रेचं माप) वर गेलं तर नजरेला धोका. मग आम्ही तो आराखडा आईंशिवाय यंत्रावर चालवून मात्रा मोजतो. तरी तारीख उद्याच विचारा. स्टेरॉइडने चेहरा सुजून मुखवटा घट्ट झाला तर तंत्रज्ञांना सांगा. उलट्या किंवा गुंगी वाढली, तर मात्र थांबू नका, तडक दवाखाना गाठा.