टेकलेले विमान गिरकी का घेते?

प्रश्न : माझे मामा तरुणपणी एका फ्लाइंग क्लबात ‘पुष्पक’ विमान चालवीत असत. एकदा अलगद टेकलेले विमान धावपट्टीवर पळता पळता गर्रकन फिरले आणि पंखाचे टोक जमिनीला घासले. कारण विचारले की ते ‘पाय झोपले’ एवढेच म्हणतात. विमान उतरल्यावर असा अपघात कसा होतो? दोष वाऱ्याचा की मामांचा?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : मामांच्या दोन शब्दांत बहुतेक सगळे आले आहे, मात्र ते उलगडण्यापूर्वी विमानाची चाके कोठे असतात ते पाहावे लागेल. हिंदुस्थान एअरक्राफ्टने बनवलेले आणि १९५८ मध्ये प्रथम उडालेले ‘पुष्पक’ हे दोन आसनांचे विमान शेपूटचाकाचे होते, म्हणजे पुढे दोन मोठी चाके आणि शेपटाखाली एक लहानसे. अशा विमानाचा गुरुत्वमध्य मोठ्या चाकांच्या मागे असतो. तसा नसता तर ते उभ्या उभ्या नाकावर पडले असते.

मॉलमधील सामानाची ट्रॉली रिकामी मिळाली, तर रखवालदाराची नजर चुकवून एक प्रयोग करून पाहा. तिची मुठीकडची चाके बहुधा स्थिर असतात आणि पुढची गरगर फिरणारी. नेहमीसारखी ढकलून सोडली तर ती सरळ जाते. मूठ पुढे करून उलटी ढकलली, तर थोडे अंतर जाताच तिची मागची बाजू पुढे यायला बघते. शेपूटचाकाचे विमान म्हणजे ही उलटी ट्रॉली. टेकताना नाक किंचित तिरके असले, तरी मोठी चाके बाजूला घसरण्यास विरोध करतात, मागचे वजन आपल्या मूळ दिशेनेच जात राहते आणि वळण कमी होण्याऐवजी आवळत जाते. मग विमान बाहेरच्या अंगाला कलते, पंख टेकतो, कधी चाकाचा पायही मोडतो. वैमानिक याला ‘ग्राउंड लूप’ म्हणतात. वेग कमी असल्यामुळे माणसे बहुधा सुखरूप उतरतात, विमान मात्र दुरुस्तीला जाते. नाकाखाली चाक असलेल्या विमानात वजन मोठ्या चाकांच्या पुढे असल्याने ते तिरके टेकले तरी आपोआप सरळ होऊ पाहते.

आता पायांविषयी. विमानाचे सुकाणू पायांनी चालते आणि त्याचा जोर अंगावरून वाहणाऱ्या हवेवर अवलंबून असतो. धावताना वेग उतरत जातो तसे सुकाणू बोथट होते, आणि त्याची जागा घेणारे शेपूटचाक जमिनीवर नीट दाबलेले असेल तरच वळण रोखू शकते. म्हणूनच दांडा शेवटपर्यंत पोटाशी ओढून धरावा लागतो. नेमक्या याच टप्प्यात ‘उतरलो एकदाचे’ म्हणून मन सैलावते. खरे तर तेव्हा दोन्ही पायांनी सतत बारीक बारीक टपल्या मारीत राहायचे असते, कारण उशिरा दिलेला मोठा दाब विमानाला दुसऱ्याच बाजूला फेकतो. गवताच्या मैदानावर चाके थोडी घसरतात आणि चूक पोटात घालतात. डांबरी धावपट्टी तेवढी उदार नसते. ही सवय आपोआप जडत नाही. अमेरिकेत तर १९९१ पासून अशा विमानाचा मुख्य वैमानिक होण्यासाठी वेगळे प्रशिक्षण आणि प्रशिक्षकाची लेखी नोंद लागते. त्याआधीपासून ती चालवणाऱ्यांना तेवढी सूट आहे.

राहिला वारा. मोठ्या चाकांच्या मागे लांब शेपूट आणि उभा पंख असल्यामुळे आडव्या वाऱ्यात विमान वातकुक्कुटासारखे वाऱ्याकडे तोंड करू पाहते, आणि माळव्यातील उन्हाळी दुपारचा झोतांचा वारा आपल्याला नवा नाही. तेव्हा मामांना दोनच गोष्टी विचारा : त्या दिवशी वारा कोणत्या बाजूने होता आणि विमान कोणत्या बाजूला फिरले. वारा डावीकडून आणि गिरकीही डावीकडे, असे उत्तर आले, तर सुरुवात बहुधा वाऱ्याने केली. ती रोखण्याचे काम तरीही पायांचेच होते, आणि मामा ते इतकी वर्षे कबूल करीत आले आहेत.