घरमालक डिपॉझिट परत देत नाहीत, कोल्हापुरात नेमकं काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राजारामपुरीत ११ महिन्यांच्या करारावर फ्लॅट घेतला, करार एकदा वाढवला. भाडं १०,००० रुपये, डिपॉझिट ५०,०००. घर सोडून, चावी देऊन दोन महिने झाले. मालक म्हणतात रंगाला २२,००० लागले, भिंतीला ओल आली, घरफाळा (घरपट्टी) आणि लाईट बिल कापायचंय. राहिलेल्याचं 'बघू पुढच्या महिन्यात'.

पैसे हातात न घेता चावी दिलीत, त्यामुळे मालकांना आता घाई उरलेली नाही. आधी त्या 'बघू'चा आकडा करून घ्या. फोन बंद, सगळं व्हॉट्सअॅपवर. 'अमुक तारखेला घर रिकामं करून चावी दिली. डिपॉझिट ५०,००० अमुक तारखेला तुमच्या खात्यावर जमा केलं होतं. काय कापायचं ते बाबवार, पावत्यांसह सात दिवसांत कळवा आणि बाकी रक्कम पाठवा.' एवढंच लिहा, राग नको. मालकांनी फोन केलाच तर बोलणं झाल्यावर त्याचा सारांश मेसेज करून ठेवा. हे चॅट पुढे पुरावा म्हणून द्यायचं झालं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, म्हणून मूळ फोन विकू नका आणि चॅट पुसू नका.

आता कपातीकडे. रंगाचं उत्तर करारात असतं. 'घर सोडताना रंगासाठी एक महिन्याचं भाडं कापलं जाईल' असं कलम असेल आणि त्याखाली सही असेल, तर १०,००० विसरा. पण मग २२,००० सुद्धा नाहीत. कलम नसेल तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चं कलम १०८ काय म्हणतं ते बघा: घर घेतलं तशा स्थितीत परत द्यायचं, मात्र नेहमीच्या वापराची झीज आणि आवरता न येणाऱ्या आपत्तीचं नुकसान त्यातून वगळलेलं. ते कलम भाडेपट्ट्याचं आहे, तुमचा करार लीव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे फक्त वापराची परवानगी देणारा, असणार; तरी बोलणी करताना हेच तत्त्व धरायचं. दोन वर्षांत फिका पडलेला डिस्टेंपर ही झीज. पोरांनी भिंतीवर काढलेली चित्रं, ड्रिलची भोकं, फुटलेलं बेसिन हे नुकसान. भोकांना लांबी (पुट्टी) भरून तेवढ्या भिंतीला दोन हात रंग मारायचा खर्च द्या, सगळ्या फ्लॅटचा नको. शेवटचा रंग कधी मारला होता हेही विचारा. चार वर्षांपूर्वीचा असेल तर तो तसाही मारायचाच होता.

ओलीचं तर कुणी भाडेकरूवर घालूच नये. कोल्हापूरच्या पावसात पश्चिमेच्या भिंतीतून किंवा वरच्या स्लॅबमधून झिरपणारं पाणी हा बांधकामाचा दोष आहे. शाहूपुरी, नागाळा पार्क, दुधाळीच्या बाजूला २०१९ आणि २०२१ च्या पुराचं पाणी घरात शिरलं, तेही भाडेकरूच्या खात्यावर मांडता येत नाही. तुम्ही न्हाणीघराचा नळ महिनोन्‌महिने गळू दिला आणि कळवलं नाही, तर गोष्ट वेगळी.

घरफाळा बहुतेक करारांत मालकाकडेच असतो. तुमच्या करारात उलट लिहिलेलं नसेल तर ती कपात मान्य करू नका. पाणीपट्टी करारात असेल तशी. लाईट बिल मात्र तुमचंच, पण फक्त चावी दिली त्या दिवसाच्या रीडिंगपर्यंत. मीटरचा फोटो नसेल तर ग्राहक क्रमांक टाकून महावितरणच्या ॲपवर त्या महिन्याचं बिल काढा आणि दिवसांच्या हिशोबाने वाटणी करा. एक गोष्ट बरेच भाडेकरू विसरतात. महावितरण वर्षातून एकदा अतिरिक्त सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल पाठवतं. ती ठेव मीटर ज्याच्या नावावर त्याची राहते. ते बिल तुम्ही भरलं असेल तर ती रक्कम तुम्हीच मालकांकडून मागायची.

सात दिवसांत उत्तर नाही आलं तर नोटीस. वकिलांमार्फत दिली तर वजन पडतं, स्वतः दिली तरी चालते. करारावर ज्यांची सही आहे आणि ज्यांनी पैसे घेतले, त्यांच्या नावाने काढा. पेठेतल्या जुन्या घरांत प्रॉपर्टी कार्डावर आजोबा, करारावर मुलगा आणि भाडं घेणारी सून असा घोळ असतो, तिथे ही चूक हमखास होते. १५ दिवसांची मुदत द्या आणि 'मुदतीनंतर व्याज आकारलं जाईल' हे वाक्य टाकाच; करारात व्याजाचा उल्लेख नसला तरी व्याज अधिनियम, १९७८ प्रमाणे लेखी मागणीपासूनचं व्याज न्यायालय देऊ शकतं. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालंय, तेव्हा पोचपावती मिळेल असं स्पीड पोस्ट करा. 'घेण्यास नकार' असा शेरा मारून पाकीट परत आलं तर ते न फोडता जपून ठेवा.

करार नुसता नोटरी केलेला असेल तर घाबरू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू सांगतो ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. शिवाय मालकाला ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. नोटिशीत याची एक ओळ पुरते, तिची धमकी करू नका. 'दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट बेकायदा' असले फिरते मेसेज मात्र नोटिशीत घालू नका. ती तरतूद केंद्राच्या २०२१ च्या नमुना कायद्यातली आहे, महाराष्ट्रात १९९९ चाच कायदा चालतो.

पोलीस ठाण्यात 'दिवाणी बाब आहे' हेच ऐकायला मिळेल. त्यापेक्षा कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व अर्ज द्या. फी नाही. समोरच्याला बोलावून तडजोड घडवतात, आणि लोकअदालतीत झालेल्या निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याइतकीच ताकद असते, त्यावर अपील नाही. समोरचा आलाच नाही तर मात्र अर्ज तिथेच थांबतो. मग दिवाणी दावा, तीन वर्षांच्या मुदतीत. तालमीतले वडीलधारे किंवा माजी नगरसेवक मध्ये बसवून मिटवायची पद्धत आपल्याकडे आहेच. ती जलद असते, फक्त 'अर्ध्यावर मिटवा' हा तिचा ठरलेला निकाल. लेखी हिशोब हातात घेऊनच बसा. तुमच्या प्रकरणात ४२,००० च्या आसपास मिळत असतील तर मी कोर्टाची पायरी चढणार नाही.

ज्यांनी अजून घर सोडलेलं नाही त्यांच्यासाठी: डिपॉझिट मिळत नाही म्हणून मुदत संपल्यावर घर अडवून बसू नका. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४ प्रमाणे तेवढ्या काळाचं दुप्पट भाडं अंगावर येऊ शकतं. शेवटचे महिने डिपॉझिटमधून वळते करायचे असतील तर मालकांची लेखी संमती मुदत संपायच्या आधी घ्या.

तडजोडीत मालक पुढच्या तारखेचा चेक देऊ म्हणाले तर जरूर घ्या, कशापोटी दिला ते कागदावर लिहून घ्या, आणि 'पूर्ण रक्कम मिळाली' अशी सही पैसे खात्यात आल्यावरच करा. चेक त्यावरच्या तारखेपासून ३ महिन्यांत बँकेत टाकायचा. परत आला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, त्यानंतर मालकांना १५ दिवस, तरी पैसे नाहीत तर पुढच्या एका महिन्यात निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्टच्या (चेकसंबंधीचा कायदा) कलम १३८ खाली फौजदारी तक्रार.