मुलाचा दुधाचा दात पडला, दोन दिवस रक्त झिरपतंय. गुडघाही सुजतो, पण सीबीसी नॉर्मल आहे. हिमोफिलिया असेल का?

शक्यता आहे. गुडघा सुजतो आणि मुलाच्या मामालाही असंच व्हायचं, हे तुम्ही लिहिलंय तेच महत्त्वाचं. हिमोफिलिया म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा जन्मजात दोष. तो बहुधा आईकडून मुलाकडे येतो, आईला स्वतःला बहुधा त्रास नसतो.

'सीबीसी नॉर्मल आहे' यावर निर्धास्त होऊ नका. सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी, त्यात प्लेटलेट मोजतात. हिमोफिलियात त्या ठीकच असतात, कमी असतो तो रक्त गोठवणारा फॅक्टर, म्हणजे रक्तातलं एक प्रथिन: 'ए' प्रकारात फॅक्टर ८, 'बी'मध्ये फॅक्टर ९. म्हणून आधी पीटी, एपीटीटी (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघणाऱ्या तपासण्या) आणि मग फॅक्टरची पातळी. व्हॉन विलेब्रँड या रक्तस्रावाच्या दुसऱ्या आजाराचीही तपासणी करून घ्या. तो आजार मुलींनाही होतो, आणि 'पाळी जास्तच जाते' म्हणून वर्षानुवर्षं दुर्लक्षित राहतो.

उपचार म्हणजे कमी असलेला फॅक्टर शिरेतून देणं. 'ए'साठी आता त्वचेखाली टोचायचं एमिसिझुमॅब हे औषधही आहे. सांध्यात वारंवार रक्त साचलं तर सांधा कायमचा आखडतो, त्यामुळे सूज येण्याची वाट बघत बसू नये.

तोवर ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन नको. दंडात-कमरेत इंजेक्शनही नको. आणि आजीची हळदही लावू नका! अजून झिरपत असेल तर आजच इंदूरच्या एमवाय हॉस्पिटलला न्या. डोक्याला मार लागला तर मात्र रिपोर्टसाठी थांबायचं नाही, सरळ इमर्जन्सी.