मराठी लेखकाला साहित्यिक एजंट मिळतो का? प्रकाशक पैसे मागत असेल तर द्यावेत का?

तुम्ही लिहिलंय की बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यात राहून कादंबरी पुरी केली, पुण्याचे प्रकाशक उत्तर देत नाहीत, एक जण ३५ हजार मागतोय, तर इंग्रजी लेखकांना असतो तसा एजंट, म्हणजे लेखकाच्या वतीनं प्रकाशकाशी बोलून करार ठरवणारा आणि मानधनातला टक्का घेणारा माणूस, मराठीत मिळेल का. मिळणार नाही. मी बेळगावात बायंडिंगचं काम करतो आणि बरीच वर्षं सीमाभागातल्या लेखकांची हस्तलिखितं वाचणं, प्रकाशकाकडे नेणं, करार बघणं हेही करत आलोय, म्हणून छातीठोकपणे सांगतो.

हिशोबच बघा. ३०० रुपयांचं पुस्तक, ५०० प्रतींची आवृत्ती, १० टक्के मानधन. एकूण एक प्रत खपली तर लेखकाला १५ हजार. त्यातले १५ टक्के एजंटाचे धरले तर २,२५०. पुण्याच्या दोन-तीन खेपा आणि झेरॉक्स यातच ते संपतात. यावर कुणाचं घर चालत नाही, माझंही चालत नाही. निपाणीचे महादेव मोरे पिठाची गिरणी चालवत लिहीत राहिले. आपल्याकडे लिहिणं हे असंच, पोटाचा धंदा सांभाळून.

३५ हजार देऊ नका. पैसे घेऊन छापणाऱ्याला पुस्तक विकायची गरजच उरत नाही, त्याची कमाई तुमच्याकडूनच झालेली असते. उरलेल्या प्रती तुमच्या खाटेखाली येतात.

पण तुमच्या प्रश्नात एक वाक्य आहे, त्यासाठी मी हे लिहायला बसलो. ‘भाषा आमच्या भागातली आहे, ती आधी कुणाकडून शुद्ध करून घेऊ का?’

२०११ साली जांबोटीकडचे एक निवृत्त गुरुजी माझ्याकडे आले. कापडी पिशवीत फूलस्केप कागद, सुतळीनं बांधलेले, ४१२ पानं. नायिका रखमा, नवऱ्यामागं शेती सांभाळणारी. मी दोन रात्रीत वाचून काढलं आणि तिसऱ्या दिवशी त्यांना घेऊन पुण्याची एसटी धरली. प्रकाशकानं ठेवून घेतलं. महिन्याभरात पत्र आलं, छापतो म्हणून. एका पानाचा करार होता, गुरुजींनी माझ्या दुकानात, खळीच्या डब्याशेजारी कागद ठेवून सही केली.

मग मुद्रितं, म्हणजे छापण्याआधी तपासायची पानं, आली. रखमाचं एक वाक्य गुरुजींनी लिहिलं होतं, ‘मी म्हायेराला जाणार हुतो खरं मलप्रभेला पाणी आलं.’ तुम्ही इकडचे, तुम्हाला सांगायला नको की आपल्या बायका ‘जातो, येतो’ म्हणतात आणि आपलं ‘खरं’ म्हणजे ‘पण’. संपादकानं केलं होतं, ‘मी माहेरी जाणार होते. खरोखर मलप्रभेला पाणी आलं होतं.’ अर्थच गेला. पानापानावर असं. जिथं जिथं ‘खरं’ तिथं ‘खरोखर’ नाहीतर काट. रखमाचा प्रत्येक ‘जातो’ ‘जाते’ झालेला.

कादंबरी लिहिताना गुरुजी रोज संध्याकाळी नवीन पान काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, वाचून दाखवायचे, काकूंना वाचता येत नव्हतं. मुद्रितंही त्यांनी वाचून दाखवली. काकू मधेच म्हणाल्या, “ही आमची रखमी न्हवं. रखमी कवा ‘जाते’ म्हणालेली? ही कोण तर पुण्याची बाई बोलालीय.”

गुरुजी दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आले, म्हणाले, हे परत घेऊया. आणि मी त्यांना गप्प बसवलं. म्हटलं, गुरुजी, पुस्तक निघतंय हे काय कमी आहे? हे मी माझ्या दादाच्या बळावर बोललो. दादा कॉलेजात मराठी शिकवायचा. त्याचं म्हणणं, बोली घरात, छापायला प्रमाण भाषा, नाहीतर सातारच्या पुढं वाचणार कोण? पुस्तक तसंच निघालं. गुरुजींनी आपली प्रत कपाटात ठेवली. काकूंना त्यातलं त्यांनी कधी वाचून दाखवलं नाही.

दादाशी माझं भांडण तेव्हापासूनचं. १९४६ साली बेळगावच्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. तेव्हापासून आपण मराठीसाठी झगडतोय, पाट्यांसाठी, शाळांसाठी, सरकारी कागदांसाठी. मग ज्या मराठीसाठी झगडतोय ती कुठली? शेजारी कन्नड ऐकत, खानापूर-येळ्ळूरच्या शेतात बोलली जाते तीच ना? मोर्चात चालते आणि छापताना लाज वाटते, हे मला पटत नाही. दादा म्हणतो वाचक अडतो. अडत नाही. दोन पानं अडखळतो आणि तिसऱ्यापासून त्याच्या कानात ती बाई बोलायला लागते. तुमची भाषा कुणाकडूनही शुद्ध करून घेऊ नका.

गुरुजी २०१५ ला गेले. पुस्तक केव्हाच बाजारातून नाहीसं झालं होतं. मी तो एका पानाचा करार पुन्हा काढला. हक्क किती वर्षांसाठी दिले हे त्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं. कॉपीराइट कायद्याचं कलम १९ सांगतं की मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरायची. म्हणजे २०१६ ला हक्क घरी परत आले, काकूंकडे. सुतळीचा गठ्ठा होताच. त्यावरून नव्यानं अक्षरजुळणी केली, ३०० प्रती माझ्या खर्चानं छापल्या, बेळगावजवळच्या कडोलीच्या साहित्य संमेलनात टेबल मांडलं. छापण्याआधी काकूंच्या ओसरीवर बसून मलप्रभेचं ते पान वाचून दाखवलं. काकूंनी ऐकलं आणि म्हणाल्या, “हां, आत्ता बोलली बघ.”

बाकी भराभर सांगतो. युनिकोडमध्ये टाइप करा. सगळी कादंबरी पाठवू नका, पहिली दोन प्रकरणं आणि एका पानात कथानक पाठवा, सहा महिने वाट बघा. स्वतःच छापायचं ठरलं तर फर्म्याचा, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांचा, दर तीन प्रेसमध्ये विचारा. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, त्याला सरकार पैसे घेत नाही, कुणी त्याचे मागितले तर तिथून उठा.

दोन गोष्टी राहिल्या. मी वकील नाही, आणि करारात ‘कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी’ असं लिहिलेलं असेल तर पाच वर्षांनी हक्क परत यायचा मार्ग तुम्हाला मिळणार नाही, ती मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत जाते. सगळेच प्रकाशक तसे नसतात हेही खरं, विचारून बदल करणारे संपादक मी पाहिलेत. तरी सही करण्याआधी एक ओळ घालून घ्या की संवादातला शब्द लेखकाच्या लेखी संमतीशिवाय बदलायचा नाही. गुरुजींच्या करारात ती मी घातली नव्हती.